सासरी राहण्याचा परवाना : क्रॉयडनचे लूनर हाउस

लंडनच्या व्हिक्टोरिया स्टेशनवरून दक्षिणेकडे जाणाऱ्या गाडीत बसले, की साधारण वीस मिनिटांत ईस्ट क्रॉयडन येते. स्टेशनाबाहेर पडताच कोपरे छाटलेल्या मजल्यांची एक विचित्र उंच इमारत समोर उभी राहते. गावकरी तिला कौतुकाने 'पन्नास पेन्सची इमारत' म्हणतात. भारतातून लंडन पाहायला गेलेला प्रवासी बिग बेन पाहतो, मादाम तुसाँचे पुतळे पाहतो, ऑक्सफर्ड स्ट्रीटवर खरेदी करतो. क्रॉयडनला तो जात नाही. पण लग्न होऊन ब्रिटनमध्ये संसार थाटणाऱ्या कुटुंबांत मात्र या गावाचे नाव न ऐकलेला माणूस विरळाच.

गाव जुने आहे. क्रॉयडन म्हणजे केशराचे खोरे, अशी नावाची व्युत्पत्ती सांगतात. आज केशराचा मागमूस नाही, पण सरे स्ट्रीटवरचा बाजार १२७६ पासूनची सनद मिरवतो आणि भाजीवाले अजूनही ओरडून भाव सांगतात. भारताशीही या गावाचे नाते आहे. १९२० ते १९५९ या काळात क्रॉयडनला विमानतळ होता, तोही काही काळ लंडनचा मुख्य विमानतळ. १९२९ साली इम्पीरियल एअरवेजची भारतासाठीची सेवा येथूनच सुरू झाली. १९३२ च्या ऑक्टोबरात जे.आर.डी. टाटांनी कराचीहून मुंबईला जी पहिली टपाल नेली, ती याच कंपनीच्या विमानांनी कराचीपर्यंत आणलेली होती. जुन्या विमानतळाची इमारत आजही उभी आहे.

गावाच्या मध्यातून जाणारा रुंद रस्ता म्हणजे वेलस्ली रोड. १८०३ च्या असईच्या लढाईमुळे हे आडनाव मराठी वाचकाला परके नाही. रस्त्यावरून २००० साली सुरू झालेली ट्राम सरकत असते आणि दोन्ही बाजूंना साठ-सत्तरच्या दशकांतले काँक्रीटचे मनोरे आहेत. त्यांतलाच वीस मजल्यांचा एक मनोरा म्हणजे लूनर हाउस. तो १९७० मध्ये पुरा झाला. नुकताच माणूस चंद्रावर उतरला होता, म्हणून याचे नाव लूनर आणि शेजारच्या इमारतीचे अपोलो! नावात चांदणे असले तरी रूपात काही नाही. करड्या भिंती आणि एकसारख्या खिडक्या. पुढे ब्रिटनच्या इमिग्रेशन खात्याचे हे मुख्य ठाणे झाले, आणि कित्येक दशके परदेशातून आलेल्या सुना आणि जावई येथे पहाटेपासून रांगेत उभे राहिले. थंडीपावसात रस्त्यावर ताटकळणाऱ्या या रांगा इतक्या कुप्रसिद्ध झाल्या, की साऊथ लंडन सिटिझन्स या नागरिक संघटनेने २००५ च्या सुमारास त्यांची रीतसर चौकशीच केली.

परदेशी जोडीदाराकडे संशयाने पाहण्याची ब्रिटनची सवय जुनी. १९७९ च्या जानेवारीत लग्नासाठी आलेल्या एका भारतीय महिलेची हीथ्रो विमानतळावर कौमार्य तपासणी केली गेली. ही बातमी फुटताच भारतात संतापाची लाट उसळली आणि तो प्रकार बंद करावा लागला. त्यानंतरही 'प्रायमरी पर्पज' नावाचा नियम होताच. लग्नाचा मुख्य हेतू ब्रिटनमध्ये शिरणे हा नाही, हे जोडप्याने सिद्ध करायचे. मनातला हेतू कागदावर सिद्ध कसा करणार? हा नियम १९९७ मध्ये रद्द झाला. पण परीक्षेचा काळ मात्र वाढत गेला. कायम वास्तव्य मिळण्याआधी पूर्वी एक वर्ष थांबावे लागे. २००३ मध्ये त्याची दोन वर्षे झाली आणि २०१२ च्या जुलैपासून पाच.

आता रांगा नाहीत. २०१८ पासून अर्ज घरबसल्या संगणकावर भरायचा आणि फोटो व बोटांचे ठसे देण्यापुरते केंद्रावर जायचे अशी पद्धत आली. सोय झाली खरी, पण पूर्वी खिडकीपलीकडचा कारकून 'बाई, हा फॉर्म तुमचा नव्हे' एवढे तरी सांगायचा. संगणक काही बोलत नाही. तो पैसे घेतो आणि अर्ज स्वीकारतो. फॉर्म चुकला हे कळते ते निर्णयाचे पत्र आल्यावर.

म्हणून कोणता फॉर्म कोणाचा, हे आधी समजून घेतलेले बरे.

ज्या मुलीचा नवरा ब्रिटिश नागरिक आहे किंवा तेथे कायमचा स्थायिक आहे, तिला भारतातून निघताना दोन वर्षे नऊ महिन्यांचा व्हिसा मिळतो. तो संपण्यापूर्वी भरायचा फॉर्म म्हणजे 'एफएलआर-एम'. हा केवळ मुदतवाढीचा असून त्यातून आणखी अडीच वर्षे मिळतात. पाच वर्षे भरत आली, की कायम वास्तव्यासाठी 'एसईटी-एम' भरायचा. दोन्ही नावांच्या शेवटी 'एम' असल्याने गोंधळ होतो आणि तो महागात पडतो. २०२५ च्या एप्रिलमधील दरांनुसार एसईटी-एमचे शुल्क ३,०२९ पौंड होते. एफएलआर-एमचे १,३२१ पौंड, आणि त्यावर आरोग्यसेवेचा अधिभार वर्षाला १,०३५ पौंडांप्रमाणे वेगळा.

तारखांचे गणितही नाजूक आहे. पाच वर्षे पूर्ण होण्याआधी फार तर अठ्ठावीस दिवस एसईटी-एम भरता येतो, त्याहून लवकर नाही. व्हिसा संपल्यानंतर भरणे तर त्याहून वाईट. आणि मुदतवाढीची घाईही नको. पहिल्या व्हिसाचे बरेच महिने शिल्लक असताना एफएलआर-एम भरला, तर ते महिने वाया जातात. मग दोन्ही व्हिसा मिळून पाच वर्षे भरत नाहीत आणि दुसऱ्यांदा मुदतवाढीचा खर्च बोकांडी बसतो. वाङ्निश्चय करून, लग्नाआधीच सहा महिन्यांच्या व्हिसावर गेलेल्या मुलींनी तर ध्यानात ठेवावे, की ते सहा महिने पाच वर्षांत धरले जात नाहीत. त्यांची मोजणी लग्नानंतरच्या पहिल्या एफएलआर-एमपासून सुरू होते.

सर्वांत जास्त फसगत होते ती नोकरीवर गेलेल्या कुटुंबांची, आणि पुण्या-मुंबईच्या संगणक अभियंत्यांची बहुतेक घरे याच वर्गातली. नवरा 'स्किल्ड वर्कर' म्हणून आधी जातो, बायको दोन वर्षांनी त्याची आश्रित म्हणून येते. नवऱ्याची पाच वर्षे भरतात, त्याला कायम वास्तव्य मिळते. घरात पेढे येतात. मग कोणीतरी सुचवते, 'आता नवरा स्थायिक झाला, तेव्हा हिने बायकोचाच फॉर्म भरावा.' कानाला हे अगदी बरोबर वाटते. पण तिने एफएलआर-एम भरून वाट बदलली, तर आश्रित म्हणून काढलेली वर्षे नव्या वाटेवर मोजली जात नाहीत आणि पाच वर्षे पुन्हा शून्यापासून सुरू होतात. तिने आश्रित म्हणूनच मुदतवाढ घ्यावी आणि आपली पाच वर्षे भरल्यावर 'एसईटी-ओ' हा फॉर्म भरावा. बायको असूनही बायकोचा फॉर्म तिचा नाही! सरकारी कामकाजात असे विनोद पुष्कळ सापडतात, फक्त ते ज्याच्या वाट्याला येतात त्याला हसू येत नाही.

योग्य फॉर्म हाती आला, की कागदांची जुळवाजुळव सुरू होते, आणि येथे भारतीय घरांची एक जुनी सवय आड येते. घर नवऱ्याच्या नावावर, वीज नवऱ्याच्या नावावर, बँकेचे खातेही त्याचेच. पाच वर्षे एका छपराखाली राहिलेल्या बायकोकडे आपण येथे राहत होतो हे सांगणारा कागद नसतो. सरकारला तर दोघांच्या नावे त्याच पत्त्यावर आलेली, वेगवेगळ्या ठिकाणांची पत्रे हवी असतात. म्हणून पोहोचल्यावर पहिल्याच महिन्यात बँकेत संयुक्त खाते उघडावे, कौन्सिल टॅक्सच्या बिलावर बायकोचे नाव घालून घ्यावे, दवाखान्यात तिची स्वतंत्र नोंदणी करावी. यात नवऱ्यावर अविश्वास दाखवण्यासारखे काही नाही. लग्नाच्या दाखल्यावरचे, पासपोर्टवरचे आणि बिलांवरचे नाव जुळते का, तेही पाहावे. लग्नानंतर नाव बदलायचे असेल, तर ते निघण्यापूर्वी सर्वत्र एकदमच बदलावे. कोणताही दाखला फक्त मराठीत असेल तर त्याचे प्रमाणित इंग्रजी भाषांतर लागते.

उत्पन्नाची अटही आहे. २०१२ पासून वर्षाला १८,६०० पौंड उत्पन्न दाखवावे लागे. ११ एप्रिल २०२४ पासून नव्या अर्जदारांसाठी हा आकडा २९,००० झाला. जे त्याआधीच या वाटेवर होते आणि त्याच जोडीदारासोबत आहेत, त्यांना जुनाच आकडा लागू आहे. इंग्रजीची परीक्षा दर टप्प्यावर थोडी अवघड होते. इंग्रजी माध्यमातून पदवी घेतलेल्यांना त्यातून सूट मिळू शकते, मात्र पदवीची पडताळणी करून घ्यावी लागते. शिवाय 'लाइफ इन द यूके' नावाची चाचणी आहेच. चोवीस प्रश्न, पंचेचाळीस मिनिटे आणि उत्तीर्ण होण्यासाठी अठरा उत्तरे बरोबर. आठव्या हेन्री राजाच्या सहा बायकांचे काय झाले, हे पाठ करताना एका नवऱ्याबरोबर नीट राहत असल्याचे पुरावे गोळा करणाऱ्या सुनेला काय वाटत असेल!

अर्ज भरल्यानंतरचा काळ अधिक जपण्याचा. निर्णय येईपर्यंत जुन्या व्हिसाचे हक्क टिकतात, पण त्या काळात अर्जदाराने देश सोडला तर अर्ज मागे घेतला असे धरले जाते. साताऱ्याला आई आजारी पडली, घरून फोन आला, मुलीने मिळेल ते विमान पकडले, अशा वेळी माणूस नियम पाहत बसत नाही. घरच्यांनीही हे जाणून असावे, म्हणजे कोणते बोलावणे थांबू शकते आणि कोणते नाही, हे शांतपणे ठरवता येते.

या सर्व फॉर्ममध्ये एक असा आहे, की तो कोणाला लागू नये. पण त्याची माहिती मुलीच्या माहेरी असलीच पाहिजे. नवरा स्थायिक किंवा ब्रिटिश आहे, मुलगी त्याच्या जोडीदाराच्या व्हिसावर आहे आणि घरात मारहाण किंवा छळ होतो आहे. पूर्वी अशा मुलीपुढे दोनच मार्ग असत. मार खात मुदत भरायची, नाहीतर भारतात परत यायचे. साउथॉलच्या 'साउथॉल ब्लॅक सिस्टर्स' या, १९७९ पासून आशियाई स्त्रियांसाठी झगडणाऱ्या संस्थेने याविरुद्ध मोहीम उघडली. १९९९ मध्ये सवलत मिळाली आणि २००२ मध्ये ती नियमांत आली. त्यासाठीचा अर्ज 'एसईटी-डीव्ही' या नावाने ओळखला जाऊ लागला. त्याला पाच वर्षांची अट नाही, उत्पन्नाची नाही, इंग्रजीची नाही, चाचणीचीही नाही. हाताशी पैसे नसतील तर शुल्कमाफी मागता येते. 'तुझा व्हिसा रद्द करीन' ही धमकी ऐकून गप्प बसलेल्या कित्येकींना आपल्यासाठी असा दरवाजा आहे हेच माहीत नसते. फिरायला म्हणून भारतात आणून पासपोर्ट काढून घेऊन टाकून दिलेल्या बायकांनाही २०२४ पासून भारतातूनच परत येण्यासाठी अर्ज करता येतो. नोकरीच्या व्हिसावरील नवऱ्याच्या आश्रित बायकोला मात्र थोड्या महिन्यांचाच आधार मिळतो, कायम वास्तव्य नाही. ही उणीव मोठी आहे, आणि आपल्याकडून जाणाऱ्या बहुसंख्य मुली याच गटातल्या असल्यामुळे ती अधिकच बोचते.

नियम पुन्हा हलू लागले आहेत. २०२५ च्या मे महिन्यात सरकारने कायम वास्तव्याची मुदत सर्वसाधारणपणे दहा वर्षांवर नेण्याचा प्रस्ताव मांडला, आणि ब्रिटिश नागरिकांच्या जोडीदारांसाठी ती पाचच ठेवण्याचे म्हटले. त्यामुळे शेजारणीने दोन वर्षांपूर्वी काय भरले, यावर विसंबू नये. फॉर्म भरायच्या दिवशी सरकारी संकेतस्थळच पाहावे, आणि सल्लागाराकडे गेल्यास तो अधिकृत नोंदणी असलेला आहे ना, हे आधी विचारावे.

एसईटी-एम मंजूर झाला, की पूर्वी पासपोर्टवर शिक्का बसे, नंतर गुलाबी छटेचे कार्ड मिळू लागले. आता तेही नाही. बहुतेक कार्डांची मुदत २०२४ च्या अखेरीस संपली आणि त्यांच्या जागी संगणकावरचा ई-व्हिसा आला. तो पासपोर्टच्या क्रमांकाला जोडलेला असतो. भारतीय पासपोर्ट नवा काढला, की नवा क्रमांक त्या खात्यात नोंदवावा लागतो. विसरले तर मुंबईच्या विमानतळावर परतीच्या वेळी खोळंबा होतो. आणि सलग दोन वर्षांहून अधिक काळ ब्रिटनबाहेर राहिले, तर एवढ्या खटाटोपाने मिळालेले कायम वास्तव्य रद्द होते. बाळंतपणासाठी किंवा सासूसासऱ्यांच्या सेवेसाठी भारतात येऊन राहणाऱ्या मुलींनी परतीची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर ठळक करून ठेवावी.