आमच्या पेटीतले तिकीट

आमच्या घरी एक पत्र्याची पेटी आहे. ती माझ्या पणजोबांची. ते मुंबईला कापडगिरणीत कामाला होते. यंदा पावसात छप्पर गळले म्हणून आज्जीने पेटी रिकामी केली. आत जमिनीचे कागद, एक जुने लुगडे आणि सुतळीने बांधलेली पत्रे निघाली. एका पाकिटावर गांधीजींचे तिकीट आहे. रंग तपकिरी, किंमत दीड आणा. देवनागरीत बापू असे छापले आहे. वर पोस्टाचा गोल शिक्का आहे. त्यातले सगळे पुसले आहे पण ४८ वाचता येते.

आमच्या गुरुजींनी वर्गात एक खरी गोष्ट सांगितली होती. दक्षिण अमेरिकेत गयाना नावाचा देश आहे. पूर्वी तिथे इंग्रजांचे राज्य होते. १८५६ साली इंग्लंडहून तिकिटे वेळेवर आली नाहीत, म्हणून तिथल्याच छापखान्यात थोडी छापली. १८७३ साली एका बारा वर्षांच्या मुलाला त्यातले एक सेंटचे तिकीट काकांच्या जुन्या पत्रांत सापडले. त्याचे कोपरे कापलेले होते. त्याला ते काही फारसे आवडले नाही. त्याने ते सहा शिलिंगांना विकून टाकले. पुढे कळले, तसे तिकीट जगात एकच आहे! २०२१ साली न्यूयॉर्कला लिलावात त्याचे ८३ लाख डॉलर आले. गुरुजींनी फळ्यावर गुणाकार केला. ६० कोटी रुपये झाले. शून्ये लिहायला फळा पुरला, पण आम्हाला वाचता येईनात.

तो मुलगा बाराचा, मी दहाचा. त्याला काकांच्या पत्रांत मिळाले, मला पणजोबांच्या. म्हणून मला रात्री झोपच येईना.

दुसऱ्या दिवशी मी पाकीट वहीत घालून शाळेत आणले. गुरुजींनी कपाटातले भिंग दिले. ते म्हणाले, गांधीजींची ही तिकिटे १५ ऑगस्ट १९४८ ला निघाली. स्वित्झर्लंडमध्ये छापली होती. एकंदर चार : दीड आणा, साडेतीन आणे, बारा आणे आणि दहा रुपये. दहा रुपयांच्या तिकिटांपैकी फक्त १०० तिकिटांवर सरकारी कामासाठी काळ्या अक्षरांत सर्व्हिस असे छापले. २०१७ साली तसली चार जोडतिकिटे इंग्लंडमध्ये ५ लाख पौंडांना विकली गेली.

मी भिंगातून सगळे तिकीट बघितले. सर्व्हिस कुठेच नव्हते. मग उलटे आहे का बघितले. कारण १८५४ साली कलकत्त्याला चार आण्यांचे तिकीट दोन रंगांत छापत. कागद यंत्रात दोनदा घालावा लागे. एकदा कोणीतरी तो फिरवून घातला आणि राणीचे डोके खाली झाले. ती चुकलेली तिकिटे आज फार थोडी आहेत व फार महाग आहेत. आमचे गांधीजी मात्र सरळच होते. मला जरा वाईट वाटले.

गुरुजी म्हणाले, "बाळ, कमी किमतीची तिकिटे पुष्कळ छापतात. आणि गांधीजींचे म्हणून लोकांनी जपूनही ठेवली. फार आशा धरू नकोस." गुरुजी खोटे बोलत नाहीत. पण त्या गयानाच्या मुलालाही आपले तिकीट भारी वाटले नव्हते! मग पुन्हा आशा वाटते.

माझे आईबाबा दसरा झाला की ऊसतोडीला जातात आणि पाडव्याच्या सुमारास येतात. तोवर मी व ताई आज्जीजवळ असतो. मुकादमाची उचल घेतलेली असते, म्हणून जावेच लागते. तिकिटाचे पैसे आले तर मी मनात यादी केली आहे. पहिल्यांदा उचल फेडायची. मग घरावर नवे पत्रे. मग ताईला सायकल. बॅट मी शेवटी ठेवली आहे.

मामा म्हणाला, "तिकीट कापून दे, मी शहरात दाखवतो." आज्जी लगेच म्हणाली, "पाकिटाला कातर लावायची न्हाई. माझ्या सासऱ्याचं हाय त्ये." गुरुजींनीही तेच सांगितले. शिक्क्यासकट अख्खे पाकीटच जपावे, तिकीट सोडवले तर कुठून कुठे गेले ते कळत नाही. मामा गप्प बसला.

आज्जीला वाचता येत नाही. ती म्हणाली, आत काय हाय वाच. मी वाचले. शाई फिकट झाली आहे, तरी लागते. "पाऊस कसा आहे ते कळवणे. म्हैस विकू नये. पोराला शाळेत घालणे. दिवाळीस रजा मिळाली तर येतो, नाहीतर मनिऑर्डर करतो." तो पोरगा म्हणजे माझे आजोबा. मी विचारले, मग ते दिवाळीला आले का? आज्जी म्हणाली, "तुझी पणजी सांगायची, मनिआर्डर आली." मग तिने पुन्हा पहिल्यापासून वाचायला लावले. बाबाही दारात उभे राहून ऐकत होते. त्यांनी हे पत्र कधी ऐकले नव्हते.

आता असे ठरले आहे की, आईबाबा कारखान्यावरून आले की बाबा मला पुण्याच्या मोठ्या पोस्टात नेणार. तिथे तिकिटे जमवणाऱ्यांसाठी वेगळी खिडकी आहे. तिथली माणसे काय सांगतील कोण जाणे. ताई म्हणते, एसटीचे तिकीट त्याच्याहून महाग पडेल.

तोवर कोणाला बघायचे असेल तर आमच्या घरी या. पण हात कोरडे पाहिजेत. आज्जी तपासते.

— इयत्ता ४ थी