पान, बाण, मान

प, ब आणि म ही तीन अक्षरं ओठांवर सारखीच दिसतात. आरशासमोर उभं राहून, आवाज न काढता पान, बाण, मान म्हणून बघा. ओठ तिन्ही वेळा तसेच मिटतात, तसेच उघडतात. क, ख, ग, घ तर घशातच उरकतात, ओठांना त्यांचा पत्ताही लागत नाही. ओठ बघून मराठी समजून घेणाऱ्याच्या वाट्याला त्यामुळे निम्मीशिम्मी भाषा येते, उरलेली त्याने अंदाजाने भरायची. माझं सगळं शालेय शिक्षण असं भरत भरत झालं. ते बऱ्यापैकी झालं याचं श्रेय मी स्वतःकडे घेऊ लागलो, तर इचलकरंजीतली दोन-चार माणसं तरी पोट धरून हसतील.

पाचव्या वर्षी मला मेंदूज्वर झाला. ताप उतरला, पण जाताना दोन्ही कानांचं बरंचसं ऐकणं घेऊन गेला. मिरजेला तपासणी झाली, ६५ डेसिबलच्या आसपास नुकसान निघालं. आज या आकड्याला कायद्यात जागा आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याप्रमाणे दोन्ही कानांचं नुकसान ७० डेसिबल असेल तर तो माणूस बहिरा, ६० ते ७० च्या दरम्यान असेल तर कमी ऐकू येणारा. १९८० च्या आगेमागे असलं काही नव्हतं. अपंग मुलांना नेहमीच्या शाळेत शिकवण्याची केंद्र सरकारची एक योजना १९७४ पासून होती खरी, पण आमच्या गल्लीपर्यंत ती आलेली नव्हती. डॉक्टर वडिलांना म्हणाले, "बोलणं आलंय याला. ते टिकवायचं असेल तर बोलणाऱ्या पोरांत ठेवा." पहिल्या शाळेने सांगितलं, आमच्याकडे तशी सोय नाही. दुसऱ्या शाळेतही सोय नव्हती, पण तिथे तसं कुणी बोलून दाखवलं नाही. मी त्या दुसऱ्या शाळेत शिकलो.

माझं श्रवणयंत्र म्हणजे काडेपेटीहून थोडी मोठी डबी. आईने बनियनला आतून कापडी खिसा शिवला होता, त्यात ती बसायची. तिच्यातून निघालेली वायर गळ्यावरून कानापर्यंत, आणि कानात मापाने ओतून घेतलेला साचा. पेन्सिल सेल संपत आला की जग हळूहळू लांब जायचं. या यंत्राबद्दल लोकांचा एक गैरसमज आहे तो सांगून टाकतो. ते आवाज मोठा करतं, स्पष्ट करत नाही. आणि मोठा करताना आपपरभाव ठेवत नाही. आमच्या इचलकरंजीत तर आवाजाला तोटा नव्हता. विठ्ठलराव दातारांनी तिथे पहिला यंत्रमाग १९०४ साली आणला. माझ्या लहानपणापर्यंत गावात मागाच्या खडखडाटाशिवाय गल्ली शोधावी लागे. शाळेच्या मागच्या भिंतीला लागूनच एक शेड होती. आमच्या वर्गाच्या बाईंचा पाठ आणि त्या शेडमधला धोटा, दोन्ही माझ्या कानात एकाच मापाने ओतले जायचे.

बाईंना असं मूल कसं शिकवायचं हे कुणी शिकवलेलं नव्हतं. त्यांच्या वर्गात साठ पोरं होती. शुद्धलेखनाच्या तासाला त्या सुटे शब्द घालायच्या आणि माझ्या वहीत पानाच्या जागी बाण, माळेच्या जागी बाळ, पोळीच्या जागी मोळी उतरायची. बाईंनी त्यावर लाल गोल मारत बसण्याऐवजी माझे चुकलेले शब्द एका कागदावर एकाखाली एक लिहून काढले. मग त्यांच्या लक्षात आलं की पोरगं वाटेल तिथे चुकत नाही, ठरावीक अक्षरांवरच घसरतं. पुढच्या आठवड्यापासून सुटे शब्द बंद झाले, वाक्यं सुरू झाली. आजोबांनी पान खाल्लं. रामाने बाण मारला. वाक्य मिळालं की अंदाजाला टेकू मिळतो. बाण कुणी खात नाही.

पुढे विशेष शिक्षणाबद्दल थोडंफार वाचलं, तेव्हा चुकांचं असं वर्गीकरण करणं ही त्या शास्त्रातली पहिली पायरी असल्याचं कळलं. बाईंकडे शास्त्र नव्हतं, चिकाटी होती. खिडकीकडे पाठ करून उभं राहिलं की आपला चेहरा काळा दिसतो, हे त्यांनी मला पुढे-मागे बसवून, डोळे किलकिले करायला लावून शोधून काढलं आणि टेबल समोरच्या भिंतीकडे हलवलं. रांगांमधून फिरत शिकवणं सोडलं. फळ्यावर आधी लिहायचं, मग वळायचं, मग बोलायचं. एकदा नव्याने आलेल्या गुरुजींना त्या म्हणाल्या होत्या, "फळ्याला सांगून काय उपयोग? फळा काय परीक्षेला बसणार आहे?" तोंडी परीक्षेचे प्रश्न मला चिठ्ठीवर मिळत. सवलत मात्र तेवढीच. पाढे तिसापर्यंत पाठ हवेत, कविता चालीवर नको पण पाठ हवी. ऐकू येत नाही म्हणून पाठ होत नाही हे त्यांना मान्य नव्हतं.

आता जोडीदार. त्याला नाव छापलेलं आवडणार नाही, म्हणून जोडीदारच म्हणतो. बाकावर माझ्या डाव्या हाताला बसायचा. त्याचे वडील शाळेमागच्याच शेडमध्ये मागावर होते आणि दुपारचा डबा पोचवायचं काम याच्याकडे होतं. शेडमध्ये कुणालाच कुणाचं ऐकू येत नाही. तिथली माणसं तोंड मोठं उघडून, एकेक अक्षर ओठांवर ठेवून बोलतात आणि उरलेलं हातांनी सांगतात. बोट गरगर फिरवलं की कांडी संपली, अंगठा ओठांना लावला की चहा आला. जोडीदाराने ही बोली डब्याबरोबर उचलली होती, आणि त्याच्या घरातही सगळे असेच बोलायचे. मला बोलावं कसं हे त्याला शिकवावं लागलं नाही. त्याच्या घरात मी एकटाच बहिरा नव्हतो, आठ तास मागावर उभं राहून आलेला प्रत्येक जण संध्याकाळपुरता बहिरा असायचा.

वर्गात सगळ्यात अवघड जातं ते शिकवणं नव्हे, चर्चा. मागच्या बाकावरून कुणीतरी प्रश्न विचारतो, बाई उत्तर देतात, तिसरा काहीतरी बोलतो आणि वर्ग हसतो. मी बाईंकडे बघत असतो, म्हणून मला फक्त उत्तर दिसतं. बोलणारा सापडून मी त्याच्याकडे वळेपर्यंत त्याचं बोलून झालेलं असतं. जोडीदार हनुवटीने दिशा दाखवायचा. उजवीकडे मागे, दाराजवळ, पुन्हा बाई. ते इतकं सवयीचं झालं होतं की आमच्याकडे बघणाऱ्याला तो मान हलवतोय असंही वाटलं नसतं. प्रश्न हुकला तर तो ओठांवर, आवाज न काढता, मला पुन्हा सांगायचा.

कान वाढतो तसा साचा ढिला होतो आणि यंत्र शिट्टी मारायला लागतं. शिट्टी उंच पट्टीतली, त्यामुळे ती सगळ्या वर्गाला ऐकू जायची, फक्त मला नाही. नवा साचा म्हणजे मिरजेची खेप आणि पैसे, तेव्हा वडील ते पुढे ढकलत. तोवर जोडीदाराचं कोपर. "आरं, शिट्टी वाजायलीय," असं ओठांवर म्हणून तो फळ्याकडे बघत बसायचा.

हायस्कूलमध्ये इतिहासाच्या सरांना झुपकेदार मिशी होती. वरचा ओठ संपूर्ण झाकलेला. आमच्या भागात मिशीबद्दल बोलायचं धाडस कोण करणार? बाईंनीच कुणाकडून तरी निरोप धाडला असावा. दिवाळीच्या सुट्टीनंतर सर आले ते ओठाची कड मोकळी करूनच. शिक्षकांच्या खोलीत त्यांनी सांगितलं म्हणे, न्हाव्याचा हात चुकला. तो न्हावी पुढे दहावीपर्यंत चुकत राहिला.

दहावीनंतर मी कोल्हापूरला गेलो. पुढे मुद्रितशोधक झालो. छापलेलं अक्षर ओठांसारखं फसवत नाही. जोडीदार वडिलांच्या जागी मागावर उभा राहिला. अपंगांसाठीचा १९९५ चा कायदा आला तोवर माझी शाळा कधीच संपली होती. आता बरंच काही आहे. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रजनीश कुमार पांडे यांच्या खटल्यात विशेष शिक्षकांचं प्रमाण ठरवून द्यायला केंद्राला सांगितलं आणि प्राथमिकला दहा मुलांमागे एक, उच्च प्राथमिकला पंधरामागे एक असं ते ठरलं. शिक्षकाच्या गळ्यातल्या माईकमधून आवाज थेट मुलाच्या यंत्रात पोचवणारी साधनंही आहेत. शेजारचा धोटा मध्ये न येता बाई ऐकू आल्या असत्या तर काय झालं असतं, या विचाराने मला आजच्या मुलांचा खरोखर हेवा वाटतो. तरीही माईक घालून फळ्याशी बोलणारे शिक्षक मी बघितले आहेत, आणि तिथे मला आमच्या बाईंना बोलावून आणावंसं वाटतं.

गेल्या वर्षी जोडीदाराच्या बायकोचा व्हॉट्सअ‍ॅपवर निरोप आला. हाक मारली तर ओ देत नाहीत, टीव्ही गल्लीला ऐकू जातो. मला धक्का बसला, कारण आम्ही दर महिन्याला भेटतो आणि मला काहीच जाणवलं नव्हतं. जाणवणार कसं? माझ्याशी तो अजूनही आवाजाशिवायच बोलतो, आणि मी काय म्हणतो ते माझ्या ओठांवर बघतो. त्याचं ऐकणं चाललंय हे कळणारा मी सगळ्यात शेवटचा.

त्याला तपासणीला मीच घेऊन गेलो. कागदावरची रेघ सुरुवातीला बरी चालते आणि ४००० हर्ट्झपाशी खड्ड्यात पडते. आवाजाने गेलेल्या कानाची ही ठरलेली खूण. स, श, फ असली अक्षरं आधी जातात. कारखान्यात आठ तासांसाठी आवाजाची मर्यादा ९० डेसिबल आहे आणि असा बहिरेपणा कायद्याच्या व्यवसायजन्य रोगांच्या यादीत नोंदलेला आहे. मागाच्या शेडमध्ये उभं राहिलेल्याला ती मर्यादा कुठल्या कोपऱ्यात पाळतात ते विचारू नये. जोडीदाराने माझ्या जुन्या कागदाशेजारी आपला कागद धरला आणि म्हणाला, "तुझ्यापेक्षा बरा हाय की मी!"

यंत्र घ्यायला तो तयार झाला आहे, माप देऊन झालंय. शेडमध्ये यंत्र काढून ठेवायचं आणि कानात बोळे घालायचे, हे मी त्याला लिहून दिलं आहे. बोळे घातले की माग बिघडल्याचा आवाज कळत नाही, कापडाला डाग जातो आणि मालक पैसे कापतो, असं त्याचं म्हणणं. यावरून आमचं भांडण अजून चालू आहे.