तापीकाठचे थंडीचे पाहुणे

पक्षी पाहायचे तर समुद्रकाठीच जावं, असं माझ्या मुंबईच्या नणंदेचं ठाम मत. शिवडीच्या खाडीतले रोहित पक्षी तिने पाहिलेत ना! आता, खानदेशाला समुद्र नाही हे खरं. आमची तापीमाईसुद्धा त्याला भेटायला पार सुरतेपलीकडे जाते. पण मैत्रिणींनो, थंडीतल्या पाहुण्या पाखरांना लागतं ते उथळ पाणी आणि त्याच्या कडेचा चिखल. त्या बाबतीत आपण जळगाव-धुळ्याच्या बायका मुळीच गरीब नाही.

हाताशी तासभरच असेल तर जळगावात मेहरूण तलाव आहे, धुळ्यात नकाणे आणि डेदरगावचे तलाव आहेत. पण सबंध दिवस काढता आला, तर भुसावळच्या पुढे हतनूर गाठा. तापीवरचं हे ४१ दरवाजांचं धरण. त्याचं फुगलेलं पाणी मागे थेट चांगदेवापर्यंत जातं, जिथे पूर्णा तापीला मिळते. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने महत्त्वाच्या पक्षीक्षेत्रांत हतनूरची नोंद केली आहे. आम्ही पहाटेच निघालो. डब्यात कळण्याची भाकरी आणि भरीत. थंडीत खानदेशी माणूस दुसरं काय नेणार?

पाण्यावर पहिल्यांदा दिसले ते वारकरी. काळाभोर पक्षी, कपाळावर पांढरा टिळा, आणि चालले आपले दिंडीसारखे एकामागून एक. मुक्ताईच्या मुलखात हे नाव किती शोभतं! त्यांच्या पलीकडे हळदी-कुंकू बदकं होती. चोचीच्या टोकाला हळद, बुडाशी कुंकवाचे दोन ठिपके. ही इथलीच, बारमाही. आपण संक्रांत ते रथसप्तमी हळदी-कुंकू करतो, यांचं मात्र वर्षभर चालूच! खरे पाहुणे म्हणजे नारिंगी-बदामी रंगाचे चक्रवाक. ते लडाख-तिबेटकडची थंडी टाळून इथे उतरतात. संस्कृत कवींनी रात्री ताटातूट होते म्हणून रडवलेली जोडी ती हीच. आम्हाला तर ती दुपारी निवांत शेजारी शेजारी बसलेली दिसली.

थापट्या बदकाची चोच नक्की पाहा. पुढे पळीसारखी पसरट, आणि कडेला बारीक दातेरी फणी. पाणी तोंडात घ्यायचं, फणीतून बाहेर सोडायचं, आत राहतील ते किडे आणि बिया गिळायच्या. आपली पिठाची चाळणीच म्हणा ना! त्यातला नर हिरव्या डोक्याचा, देखणा, मादी मातकट. जमिनीवरच्या घरट्यात अंडी तिलाच उबवायची असतात, तेव्हा लपून राहण्यासाठी तो साधा रंगच तिच्या कामाचा.

आता त्या चिखलाविषयी. हतनूरमध्ये गाळ फार साठलाय, अशी तक्रार आपण नेहमी ऐकतो. पाणीसाठा कमी होतो म्हणून ती रास्तच आहे. पण पावसाळा सरून पाणी ओसरू लागलं की उघडा पडणारा तो काठ म्हणजे पाखरांचं स्वयंपाकघर. तांबड्या लांब पायांचा शेकाट्या पाण्यात उभा राहून टिपतो, तुतारी ओल्या कडेने शेपूट हलवत फिरते, लांब चोचीचा पाणटिवळा खोल खुपसतो. ज्याची जशी चोच, तसं त्याचं ताट. कुणी कुणाच्या ताटात हात घालत नाही. गावोगावच्या तळ्यांचे काठ दगडांनी बांधून काढतात, तेव्हा आपण ‘किती स्वच्छ झालं!’ म्हणतो. पण उभ्या भिंतीवर तुतारीने उभं तरी कुठे राहायचं? तळं सुशोभित करताना एक बाजू तरी मातीची, उतरती ठेवायला हवी, असं माझं स्पष्ट मत आहे. नगरसेवक मतं मागायला दारात येतात, तेव्हा त्यांना हे सांगायला काय हरकत आहे?

जाताना साडी भडक नको, मातकट किंवा हिरवी बरी. ऊन पाठीशी घ्या, म्हणजे रंग नीट दिसतात. ८ बाय ४०ची दुर्बीण पुरते, आणि घरात एक असली की चौघींना चालते. नावांसाठी मारुती चितमपल्लींचा ‘पक्षिकोश’ आहे. पाखरांना चिवडा, पाव टाकू नका. आणि मुलांच्या पतंगाचा मांजा स्वतः तपासा. नायलॉनच्या मांजावर २०१७ साली राष्ट्रीय हरित लवादाने देशभर बंदी घातली, तरी संक्रांतीला तो मिळतोच. त्यात अडकलेला पंख सुटत नाही, कापला जातो.

डिसेंबर-जानेवारी हे दिवस उत्तम. होळीपर्यंत बरेचसे पाहुणे परतीला लागतात. आणि संध्याकाळी निघायची घाई करू नका. आमचे हे किल्ली वाजवत गाडीपाशी उभे होते, तरी मी हलले नाही. दिवसभर पाण्यावर पेंगलेली बदकं सूर्य बुडताना जागी होतात आणि रात्रीच्या चराईला थव्याथव्याने उठतात. अंधारात ती दिसत नाहीत, पण डोक्यावरून जाताना पंखांची शीळ मात्र स्पष्ट ऐकू येते.