डेक टिकतो तो खालून

"फळ्या कुठल्या टाकू?" न्यू जर्सीत नवं घर घेतलेली मराठी कुटुंबं मला पहिल्यांदा विचारतात ते हेच. सीडर, कॉम्पोझिट, की ब्राझीलहून येणारं इपे? प्रश्न रास्त आहे. पाय पडणार ते फळ्यांवर आणि पाहुण्यांना दिसणार त्याही फळ्याच. पण घरामागचे डेक बांधण्यात आणि जुने डेक तपासण्यात माझी उमेदीची वर्षं गेली, त्या अनुभवावरून सांगतो, डेकचं आयुष्य फळ्यांच्या खाली ठरतं. कुजलेली फळी थोड्या वेळात बदलता येते. सांगाडा कुजला तर सगळा डेक जातो आणि कधी कधी त्यावरची माणसंही जातात.

डेक म्हणजे छप्पर नसलेली पडवी. आपल्या पडवीवर कौलं असतात, पागोळ्या अंगणात पडतात आणि लाकडी खांब दगडी तळखड्यावर उभा असतो. ओल लाकडापर्यंत पोचू नये म्हणून केलेली ही सारी योजना. डेकला वरचा आडोसा नाही, त्यामुळे पाऊस आणि बर्फ थेट अंगावर येतात. लाकडातला ओलावा 20 टक्क्यांच्या आत राहिला, तर कुजवणारी बुरशी वाढत नाही. भिजणं काही चुकत नाही, तेव्हा भिजलेलं लाकूड लवकर वाळेल अशी सोय करायची. खांब काँक्रीटमध्ये पुरायचा नाही. पायावर गॅल्व्हनाइज्ड बैठक बसवून तो इंचभर वर धरायचा, तळखड्याचंच काम. पायाही उथळ चालत नाही. थंडीत जमिनीतलं पाणी गोठून फुगतं आणि वरचं बांधकाम उचलतं. न्यू जर्सीच्या बऱ्याच भागात त्यासाठी साधारण 3 फूट खाली जावं लागतं.

आता सर्वांत नाजूक जागेकडे येतो. डेकची एक बाजू खांबांवर असते आणि दुसरी घराच्या भिंतीला जोडलेल्या आडव्या लाकडावर. या लाकडाला लेजर म्हणतात. 12 बाय 16 फुटांचा साधा डेक घ्या. चौरस फुटाला 40 पौंड या प्रचलित हिशेबाने तो साडेतीन टनांच्या आसपास वजन पेलायला हवा. त्यातला जवळजवळ निम्मा भार एकट्या लेजरवर येतो. जुन्या घरांत हा लेजर मला अनेकदा नुसत्या खिळ्यांवर लटकलेला दिसतो. लाकूड आकसतं, खिळा गंजतो, पकड सैल होते आणि एके दिवशी गर्दीच्या वेळी लेजर भिंतीपासून सुटतो. लेजर अर्धा इंच जाडीच्या बोल्टांनी किंवा लॅग स्क्रूंनीच, आणि तोही घराच्या मूळ लाकडी चौकटीत बसवायचा. बाहेरून शोभेला लावलेल्या विटांवर तो कधीही टांगू नये.

बोल्ट भक्कम असूनही लेजर जातो, तो पाण्यामुळे. भिंत आणि लेजर यांच्यात पाणी झिरपलं, की ते वाळायला वाव नसतो. म्हणून तिथे फ्लॅशिंग हवं. ही वाकवलेली पट्टी असते. तिची वरची कड साइडिंगच्या मागे जाते आणि खालची लेजरवरून पुढे उतरते, म्हणजे पाणी बाहेर पडतं. खर्चाच्या यादीत ही पट्टी अगदी किरकोळ असते, आणि घाईत तीच राहून जाते.

29 जून 2003 रोजी शिकागोच्या लिंकन पार्क भागात पार्टी चालू असताना एका इमारतीचे मागचे लाकडी सज्जे एकावर एक कोसळले आणि 13 जण गेले. 16 जून 2015 रोजी कॅलिफोर्नियातल्या बर्कलीत बाल्कनी तुटून 6 तरुण दगावले. तिथलं लाकूड आतल्या आत कुजलेलं होतं. त्यानंतर, 2018 साली, कॅलिफोर्नियाने तीन किंवा अधिक घरांच्या इमारतींमध्ये अशा लाकडी बांधकामांची ठरावीक वर्षांनी तपासणी सक्तीची केली. स्वतःच्या घरामागच्या डेकला मात्र असा तपासनीस नसतो. ते काम घरमालकाचं.

आपल्या लोकांना मी हे विशेष कळकळीने सांगतो, कारण आपले डेक भरतात. सत्यनारायण असो, मुलाच्या ग्रॅज्युएशनची पार्टी असो की गणपतीतली लेझीम, चाळीस माणसं सहज जमतात. एका तालावर पावलं पडली की डेक आडवा हलू लागतो आणि सगळा ताण सांध्यांवर येतो. म्हणून उंच डेकच्या खांबांना तिरके टेकू हवेत. हॉट टबचा विचार असेल तर आधी इंजिनिअरला बोलवा. 400 गॅलन पाणीच दीड टनाचं होतं, आणि साधा डेक तेवढ्याशा जागेत इतकं वजन पेलण्यासाठी बांधलेला नसतो.

लाकडाबद्दल. सांगाड्याला प्रेशर ट्रीटेड पाइन लागतं. 2003 अखेरपर्यंत घरगुती वापराच्या अशा लाकडात आर्सेनिक असे. त्यानंतर तांब्याचा अंश जास्त असलेली द्रव्यं आली. तांबं साध्या लोखंडाला लवकर गंजवतं आणि अ‍ॅल्युमिनियमलाही खातं. म्हणून स्क्रू आणि जोडपट्ट्या जाड थराच्या गॅल्व्हनाइज्ड किंवा स्टेनलेस हव्यात, आणि अ‍ॅल्युमिनियमचं फ्लॅशिंग या लाकडाला थेट टेकता कामा नये. लाकूड कापलं की आतला, औषध न पोचलेला गाभा उघडा पडतो. त्या टोकाला जागेवरच औषध लावा. जमिनीजवळच्या लाकडावर जमिनीलगतच्या वापराचं लेबल आहे ना, हेही पाहून घ्या.

फळ्यांचं उत्तर थोडक्यात देतो. पाइन स्वस्त पडतं, पण निगा मागतं. सीडर हलकं आणि देखणं, इपे जड आणि चिवट. कॉम्पोझिटला रंगरोगण लागत नाही, मात्र गडद रंगाचं उन्हात चांगलंच तापतं. त्याच्या खालचा सांगाडा बहुधा लाकडाचाच असतो, म्हणून फळ्यांच्या लांबलचक वॉरंटीवर विसंबू नका.

निगा फार अवघड नाही. फटींमध्ये पानं साचू देऊ नका, त्यांच्याखाली लाकूड ओलं राहतं. प्रेशर वॉशरचा झोत तंतू उखडतो, त्यापेक्षा ऑक्सिजन ब्लीच आणि कडक ब्रश बरा. जाड पेंटचे पापुद्रे सुटतात आणि पाणी त्यांच्याखाली अडकतं. लाकडात मुरणारा स्टेन घ्या आणि दोन-तीन वर्षांनी पुन्हा लावा. पाण्याचे चार थेंब टाकून पाहा. ते लगेच शोषले गेले तर स्टेनची वेळ झाली. बर्फ प्लास्टिकच्या फावड्याने, फळ्यांच्या लांबीच्या दिशेने काढा.

या वसंतात, पहिल्या बार्बेक्यूच्या आधी, टॉर्च आणि स्क्रूड्रायव्हर घेऊन डेकच्या खाली जा. लेजर, खांबांचे तळ आणि जिन्याच्या बाजूच्या फळ्या टोचून पाहा. निरोगी लाकूड टोक आत घेत नाही. कठडा दोन्ही हातांनी जोराने हलवा. आणि लेजरला नुसते खिळेच दिसले, एकही बोल्ट दिसला नाही, तर टाउनशिपचं परमिट घेऊन रीतसर दुरुस्ती होईपर्यंत त्या डेकवर कुणालाही पाऊल ठेवू देऊ नका.