वाटाण्याचा ओठ

कळवणला आमच्या घरी एक मासा आहे. नाव वाटाणा. इंग्रजीत त्याला पी पफर म्हणतात, म्हणून. (कॉन्व्हेंटवाल्यांना याहून वेगळं काय सुचणार!) मालवणकडे या खानदानाला केंड म्हणतात, समुद्रातले केंड कोळ्यांची जाळी दातांनी फाडून टाकतात. आमचा मात्र केरळच्या नद्यांतला, गोड्या पाण्यातला, जेमतेम तीन सेंटीमीटरचा. १९४१ साली होरा आणि नायर यांनी त्याचं शास्त्रीय वर्णन केलं आणि त्रावणकोरवरून नाव दिलं. जीव लहान, पण हत्यार तेच. वर दोन, खाली दोन असे चार दात मिळून चोच होते आणि ती नखासारखी वाढतच राहते. गोगलगायी फोडून झिजली तर ठीक.

मे महिन्यात सुट्टीला घरी पोचले, तर धाकटा भाऊ दारातच. "ताई, वाटाणा चार दिवस जेवला नाही." बघते तर खालचा ओठ सुजलेला आणि त्यावर पांढरा ठिपका. अळी टाकली की पठ्ठ्या जवळ येतो, एक डोळा इकडे, एक तिकडे फिरवून नीट बघतो, तोंड उघडतो आणि मागे सरतो. म्हणजे भूक आहे, पण तोंड दुखतंय.

आमच्या गुरांच्या डॉक्टरांना फोटो दाखवला. ते म्हणाले, "म्हशीचं तोंड उघडून बघता येतं बाई, याचं कसं उघडू?" मग भिंग घेऊन मीच बसले. लॅबमध्ये सर्किटमधला फॉल्ट शोधतो तसंच, एकेक संशयित वगळायचा. चोच वाढली आहे का? नाही, तोंड पूर्ण मिटतं. (वाढली असती तर माशाला लवंगेच्या तेलाने गुंगी देऊन ती कापतात. आमच्या घरातलं तेल बाबांच्या दाढेलाच राहिलं.) बुरशी असती तर कापसासारखे तंतू पाण्यात हलले असते. खरी धास्ती होती कॉलम्नॅरिसची. हा जिवाणूंचा रोग बुरशीसारखाच दिसतो, तोंडावरही येतो, आणि पाणी गरम असेल तर एक-दोन दिवसांतच मासा जातो. आमच्या टाकीचं पाणी होतं एकतीस अंश!

ठिपका मात्र गुळगुळीत होता, कडा स्पष्ट. तळाशी भावाने कालव्यातून आणलेल्या लांबट, टोकदार गोगलगायी होत्या. त्यांचा शंख भलताच टणक. चावताना ओठ फाटला असावा, असा माझा अंदाज.

दुकानदार निळं औषध द्यायला तयारच होता. पण पफरला खवले नसतात, औषध त्याला लवकर बाधतं. म्हणून ठरवलं, सकाळ-संध्याकाळ एकाच कोनातून फोटो काढायचा; ठिपका पसरला तरच औषध. ती पहिली रात्र मी दर दोन तासांनी टॉर्च घेऊन उठत होते. आजी म्हणाली, "एवढी परीक्षेला जागली असतीस तर!"

उपचार म्हणजे फक्त पाणी. रोज चौथा हिस्सा बदलायचा, तेही आमच्या गल्लीत नळ दिवसाआड असताना. एक कळशी वाटाण्याची, हे आईने मान्य केलं, हीच मोठी गोष्ट. क्लोरीन घालवायला हायपो, आपण अकरावीत टायट्रेशनला वापरलं तेच. बर्फाची बाटली तरंगत ठेवून पाणी हळूहळू अठ्ठावीसवर आणलं. टोकदार गोगलगायी काढल्या. जेवायला शेजारच्या हौदातल्या डासांच्या अळ्या, म्हणजे चावायची गरजच नाही.

दुसऱ्या दिवशी ठिपका तेवढाच. तिसऱ्या दिवशीही तेवढाच, आणि वाटाणा उपाशीच. पोट आत गेलेलं बघून भाऊ टाकीजवळ जाईना. औषधाची बाटली मी दोनदा हातात घेतली नि ठेवली. चौथ्या दिवशी संध्याकाळी त्याने एक अळी ओढून घेतली, मग आणखी तीन! दहा दिवसांत पांढरं गेलं. ओठाला बारीकशी खाच राहिली.

आता तो पातळ शंखाच्या गोगलगायी फोडतो. भाऊ त्या बादलीत वाढवतो आणि हिशेब वहीत लिहितो. परवा त्याचा फोन होता, बादलीत चौदाच उरल्या आहेत, तू येताना आण.