बारवेनंतर धर्मशाळा

आज वालूरची बारव पाहिली. सेलू तालुक्यातलं हे गाव. पायऱ्या सरळ न उतरता वळसा घेत चक्राकार खाली जातात. गाळ-कचऱ्याने बुजलेली ही बारव गावकऱ्यांनी श्रमदानाने मोकळी केली. कौतुक आहेच.

डोक्यात मात्र आमच्या गावची धर्मशाळा घोळत राहिली. खांबांना वाळवी, माळवदाला भगदाड, ओसरीवर कुणाच्या तरी शेळ्या नि कडब्याच्या पेंढ्या. गजानन महाराजांची पालखी शेगावहून पंढरपूरला जाते ती परभणी, गंगाखेडवरून, आमच्याच वाटेने. दिंड्यांनी वाटेवरच्या शाळा, देवळं भरतात. आमची हक्काची ओसरी मात्र शेळ्यांना.

इंग्लंडातल्या हेस्केट न्यूमार्केटच्या लोकांनी 2003 मध्ये गावातला 'ओल्ड क्राउन' हा जुना पब सहकारी संस्था काढून विकत घेतला. आपल्याकडे तर 1960 चा सहकारी संस्थांचा कायदा आहे, गावोगाव सोसायट्या आहेत. मग शंभर-शंभराच्या शेअरवर धर्मशाळा का नको? सोसायटी म्हटलं की थकबाकी आणि निवडणुकीतली पॅनलं आठवतात, हे खरं. (आमच्याकडे तर चहाही पॅनल बघून पाजतात.) तरी श्रमदानाचा जोर एका उन्हाळ्याचा. माळवदावर पांढरी माती मात्र पुन्हा पुन्हा टाकावी लागते. शेअरवाला निदान वार्षिक सभेत उठून विचारेल, "यंदा माती का पडली नाही?"

उद्या ग्रामपंचायतीत जाऊन आठचा उतारा काढायचा. जागा कुणाच्या नावावर आहे, ते आधी कळू दे.