राखून ठेवलेली कुपी

मुंगीच्या हातून मरण्याचा योग फार थोड्यांच्या ललाटी असतो. आमच्या होता, तोही घरात आरामखुर्चीवर बसून, चहा निवत असताना!

प्रकार असा घडला. २०१५ च्या डिसेंबरात आमचे चिरंजीव मोठ्या हर्षाने खोलीत शिरले आणि 'नेटहॅक' नामक संगणकावरील खेळाची नवी आवृत्ती १२ वर्षांनी निघाल्याची वार्ता त्यांनी आम्हांस दिली. एका खेळासाठी तप तप वाट पाहणारे लोक जगात आहेत, हे ऐकून आम्ही चष्मा पुसून पडद्यासमोर बसलो. पाहतो तो काय! चित्राचे नाव नाही. नुसती अक्षरे, ठिपके आणि रेघा. ठिपके म्हणजे जमीन, रेघा म्हणजे भिंती, आणि ईमेलच्या पत्त्यात येणारे 'ॲट' हे चिन्ह म्हणजे खुद्द आम्ही. इंग्रजीतला धाकटा 'डी' म्हणजे कुत्रा. थोरला 'डी' दिसला की समजावे, ड्रॅगन आला! काळ्या अक्षरांत सारे विश्व पाहण्याची सवय आम्हां पुस्तकी माणसांना असतेच. त्यामुळे चित्रांची उणीव आम्हांस भासली नाही.

या कुळाचा मूळपुरुष 'रोग'. नाव ऐकून वाचकांनी दचकू नये. इंग्रजीत त्याचा अर्थ लफंगा. कॅलिफोर्नियात शिकणाऱ्या मायकेल टॉय व ग्लेन विचमन या दोघांनी तो १९८० च्या सुमारास रचला. त्याच्या अनुकरणाने 'हॅक' झाला, आणि 'हॅक'मधून १९८७ साली 'नेटहॅक' जन्मास आला. भुयारात खोल उतरून येंडरचा ताईत मिळवायचा, एवढेच कथानक. मात्र भुयार दर खेपेस नवे, आणि मरण एकदाच. मेलेला वीर पुन्हा उठत नाही; नव्याने जन्म घेऊन पहिल्या पायरीपासून आरंभ करावा लागतो.

आपण कळ दाबल्यावाचून तेथे काही हालत नाही. विचारास हवा तितका वेळ मिळतो, हे आमच्या स्वभावास फार मानवले. परंतु भुयारात नुसते घुटमळत राहणाऱ्याला भूक गाठते, ही त्यातली मेख. वाटेत आम्हांस एक पिवळी कुपी आणि एक गुंडाळी सापडली. कुपीत औषध की विष, हे रंगावरून कळत नाही. दर खेळात रंगांचे अर्थ बदलतात. आम्ही दोन्ही वस्तू जपून ठेवल्या. प्रसंग पडेल तेव्हा पाहू!

प्रसंग पडला. 'ए' या अक्षराची एक लढाऊ मुंगी आमच्यावर तुटून पडली. कुपी काढावी की गुंडाळी वाचावी, याचा आम्ही शांतपणे विचार करीत राहिलो. मग ठरवले, अजून थोडे लढून पाहावे. पुढच्याच चाव्याला खेळ संपला. तेव्हा यंत्राने अदबीने विचारले, 'तुमच्याजवळच्या वस्तू काय होत्या, सांगू का?' आम्ही होकार दिला. कुपीत जखमा भरून काढणारे औषध होते. गुंडाळी वाचताच आम्ही क्षणात दुसरीकडे पोहोचलो असतो.

चिरंजीव हसून म्हणाले, "बाबा, पहिल्यांदा सगळे असेच मरतात!"

आम्हांस मात्र हसू आले नाही. कपाटात १५ वर्षे जमवलेल्या टिपणांचे एक गाठोडे होते. त्याचे पुस्तक करायचे होते. आमचे गुरुजी दर भेटीत विचारीत, "कुठवर आले?" आणि आम्ही म्हणत असू, "थोडी सामग्री जमायची आहे." आदल्याच वर्षी गुरुजी गेले होते.

त्या रात्री आम्ही गाठोडे सोडले. पुस्तक यथावकाश निघाले. त्यात उणिवा आहेत. टीकाकारांनी त्या दाखवल्या, आणि त्या खऱ्या आहेत. अर्पणपत्रिकेत गुरुजींचे नाव आहे. ते वाचायला ते नाहीत, ही उणीव मात्र कोणत्याही टीकाकारास दिसली नाही.

खेळ आम्ही अजून अधूनमधून खेळतो. ताईत दुरूनही दिसलेला नाही. परवा सापडलेली कुपी उभ्या उभ्या पिऊन टाकली; काही काळ ठार आंधळे झालो. चाचपडत पुढे गेलो, पण गेलो.